साडूंची डिस्क आणि अक्कांचे दोन शब्द

ज्याच्या येण्याने घरातली धडधाकट माणसं आपापली नाडी चाचपायला लागतात असा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आलेला आहे. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा ही नात्यातली तशी निरुपद्रवी जागा. लग्नकार्यात शेजारी बसावं, सासऱ्यांच्या कंजूषपणाबद्दल हळू आवाजात एकमत करावं आणि जेवण झालं की आपापल्या गाडीने घरी जावं, यापलीकडे साडू नावाच्या माणसाकडून जगाची काही अपेक्षा नसते. आमच्या साडूंना हे कुणी सांगितलेलं दिसत नाही. ते जिंतूरच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. उमेदीची सगळी वर्षं भोंग्यासमोर बसून गाड्या पुकारण्यात गेली. निवृत्त झाल्यावर माणसं अंगणात वांगी लावतात, नातवंडं फिरवतात, फार तर गल्लीच्या भांडणात पंच म्हणून बसतात. यांनी जिवंत माणसांच्या शोकसभा भरवायला सुरुवात केली.

त्याचं मूळ राणीसावरगावच्या एका मांडवात आहे. साडूंच्या बरोबरीचा एक एसटी ड्रायव्हर वारला होता. आमच्या बौद्ध समाजात माणूस गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. भंतेजी वंदना घेतात, आणि मग एकेक जण उठून गेलेल्याबद्दल दोन शब्द बोलतो. दोन शब्द हे आपलं म्हणायचं. माइक हातात आला की आमच्याकडे कुणालाच तो सोडवत नाही. त्या दिवशीही ड्रायव्हर दिलदार ठरला, शिस्तीचा ठरला, निर्व्यसनीही ठरला, तेव्हा मागच्या रांगेत थोडी चुळबुळ झाली म्हणतात. हयातीत त्याच्या तिरसट स्वभावापायी त्याच्याजवळ चहाला कुणी बसत नव्हतं. साडूंची पाळी आली. ते उठले आणि म्हणाले, "हे समदं त्याला आधी कामून सांगितलं न्हाई? कळलं असतं तर अजून चार दिवस जगला असता बिचारा." एवढं बोलून खाली बसले. बैल गेला नि झोपा केला, ही आपल्या सगळ्यांचीच रीत आहे. त्यावर मांडवात मान हलवून घरी जायचं असतं. साडू घरी गेले ते एक जुना मोबाईल काठीला बांधूनच बाहेर पडले.

नियम असा होता की ज्याच्याबद्दल बोलायचं तो समोर बसलेला असला तरी तो गेलाय असं धरून बोलायचं, आणि बोलून झालं की ते त्यालाच ऐकवायचं. चुडाव्याला आमच्या सासऱ्यांचं, म्हणजे मामांचं, रेकॉर्डिंग झालं तेव्हा मी तिथे होतो. मामा लिंबाखाली खुर्चीत पान लावत बसलेले. समोर काठी रोवलेली, तिच्यावर मोबाईल, मोबाईलच्या माइकला वारा लागू नये म्हणून अक्कांनी, म्हणजे साडूंच्या बायकोने, जुन्या स्वेटरच्या लोकरीची टोपी विणून घातलेली. मामांचे भाऊ, पुतणे खाली मान घालून ओळीने उभे. शेजारची एक बाई फाटकातून हे बघते काय, तिने तिथेच हंबरडा फोडला. मामा खुर्चीतूनच ओरडले, "अगं मी हाय की! रडू नको, आत ये, चहा घे." माझी पाळी आली तेव्हा मला काही सुचेना. मी आपलं जगाच्या चालीने म्हटलं, "मामांनी मला पोटच्या मुलासारखं वागवलं." त्यावर खुर्चीतून प्रश्न आला, "कवा?" तो 'कवा' अजून त्या रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ ऐकू येतो. पुढे सगळी भाषणं कानामागे हात धरून ऐकल्यावर मामांनी थोरल्या भावाचं भाषण नामंजूर केलं. "त्यानं लय आवरतं घेतलं, पुन्हा बोलाय लावा," असा हुकूम झाला आणि म्हाताऱ्या भावाला पुन्हा काठीपुढे उभं केलं गेलं.

साडूंची अशी कीर्ती झाल्यावर कुणाच्याही दारात ते दिसले की घरात कुजबूज सुरू व्हायची. डॉक्टरने काही सांगितलंय का, आपल्यापासून काही लपवलंय का? एका गृहस्थांनी तर ते येऊन गेल्यावर जमिनीची वाटणी करून टाकली. ते गृहस्थ अजून ठणठणीत आहेत, फक्त मुलं आता विचारत नाहीत. साडूंना याचं काही वाटायचं नाही. ते म्हणायचे, "मरणाचं नाव काढलं म्हणून कुनी मरत न्हाई, पाव्हणं. नाव न काढता बी मरतेतच की."

आता एवढी भाषणं ठेवायची कुठे? मोबाईल भरला. पेन ड्राइव्ह शर्टाच्या खिशातून धुण्यात गेला. मग त्यांनी एक जुनी हार्ड डिस्क मिळवली आणि घरातल्या राउटरला मागून जोडली. भिंतीवरचा हा दिवे लुकलुकणारा डबा फक्त इंटरनेट देतो एवढंच मला ठाऊक होतं. साडूंनी व्हिडिओ बघून बघून त्याचं मूळचं डोकं, म्हणजे आतला प्रोग्रॅम, काढून त्यात दुसरं बसवलं होतं. आता त्यांच्या वायफायवर असलेला कुणीही, टीव्हीवर किंवा मोबाईलवर, एक फोल्डर उघडून गल्लीतल्या वाटेल त्या माणसाबद्दल लोक काय बोलले ते ऐकू शकत होता. त्या वायफायचं नाव त्यांनी 'फलाट' असं ठेवलं होतं.

मात्र डिस्क जोडली म्हणजे भागत नाही. राउटरने ती ओळखून एका ठरलेल्या फोल्डरच्या जागी आणून उभी करावी लागते. याला माउंट करणे म्हणतात, असं मला पुढे कळलं. साडू त्याला 'लागणे' म्हणत. फोल्डर म्हणजे फलाट, डिस्क म्हणजे गाडी. गाडी फलाटाला लागली की लोकांनी चढाउतरायचं. गाडीने कसं लागावं यासाठी वेगवेगळे पर्याय लिहून द्यावे लागतात, आणि साडूंचं निवृत्तीनंतरचं निम्मं आयुष्य या पर्यायांच्या अदलाबदलीत गेलं. एक पर्याय नुसतं वाचू देणारा, लिहू न देणारा. "म्हंजे गाडी लागलीय, पण दाराला कुलूप. खिडकीतून बघा." एक पर्याय प्रत्येक गोष्ट आली की तत्क्षणी डिस्कवर लिहून टाकणारा. "मानूस चढला की तिथंच तिकीट फाड, मागून फाडतो म्हणू नको. मधीच लाइट गेली तर?" आणखी एक पर्याय असा की कुणी काय कधी उघडून बघितलं याची नोंद डिस्कने ठेवू नये. "खिडकीतून कोण डोकावलं ते लिहीत बसला तर गाडी कवा सुटायची?" हे सगळं ते मला जेवताना सांगत. घास हातात धरून मी "हो, हो" म्हणत असे आणि अक्का माझ्या ताटात दुसरी भाकरी वाढून ठेवत.

जिंतूरला लाइट जायची, यायची, पुन्हा जायची. ती आली की राउटर लगेच जागा व्हायचा, पण ती जुनी डिस्क सावकाश गरगरत उठायची. राउटर इकडेतिकडे बघायचा, गाडी नाही म्हणून पुढच्या कामाला लागायचा, आणि डिस्क मागून येऊन बिचारी उभीच राहायची. मग साडू आतल्या खोलीत राउटरजवळ आणि अक्का बाहेर टीव्हीसमोर, अशी ड्युटी लागायची. आतून आवाज यायचा, "लागली का?" अक्का म्हणायच्या, "न्हाई." "आता?" "न्हाई." "आता बघ!" "लागली, पण कुलूप हाय!" लाइट अर्ध्यात गेली की डिस्क रुसून नुसती वाचण्यापुरती लागायची, लिहू म्हणून द्यायची नाही. मग पुन्हा पहिल्यापासून. चुलीवरची भाजी करपायची ती वेगळीच. मी एकदा म्हटलं, "अक्का, या डिस्कने तुमच्या संसाराच्या चांगलेच नाकी नऊ आणले." त्या म्हणाल्या, "संसार कुठला, मी त्यांची कंडक्टर हाय."

अक्का अंगाने बारीक आणि जिभेने धारदार होत्या. गल्लीतल्या प्रत्येकाने साडूंबद्दल, अक्कांबद्दल, एकमेकांबद्दल दोन शब्द बोलून ठेवले होते. बोलल्या नव्हत्या त्या एकट्या अक्का. साडू मधून मधून काठी घेऊन त्यांच्यापुढे उभे राहत.

"माझ्याबद्दल दोन शब्द बोल की."

"जित्या मानसाला चांगलं म्हणलं की दृष्ट लागती."

"आपल्यात दृष्ट-बिष्ट मानत न्हाईत."

"आपन मानत न्हाई, पण ती लागती. आधी तुमी मरा, मग बोलते."

यावर साडू समाधानाने हसत आणि काठी कोपऱ्यात ठेवून देत. हे असं चालत राहणार आणि शेवटी अक्काच आपल्यामागे बोलणार, असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं. आम्ही सगळ्यांनीच धरलं होतं.

पुढे अक्का आजारी पडल्या. पोटाचं दुखणं होतं. डॉक्टरांनी जे सांगितलं ते साडूंनी आम्हाला फोनवर एका दमात सांगितलं आणि लगेच डिस्कच्या नव्या केबलबद्दल बोलायला लागले. मी त्यांना मध्येच तोडलं नाही. मदतीला म्हणून माझी बायको जिंतूरला जाऊन राहिली. त्या दिवसांतली गोष्ट. साडू रिपोर्ट घेऊन परभणीला डॉक्टरांकडे गेले होते. दुपारी लाइट जाऊन नुकतीच आली होती. बायको भाजी निवडत होती आणि अक्का पलंगावर पडून होत्या. एकाएकी त्या म्हणाल्या, "आण गं तो फोन." माझ्या बायकोने लोकरीच्या टोपीसकट फोन आणून उशाशी ठेवला आणि ती पुन्हा भाजीला बसली. अक्का बोलल्या. मग त्यांनी स्वतःच फलाटाचं फोल्डर उघडून ते आत टाकलं आणि घरच्या शिस्तीप्रमाणे फोनवरचं पुसून टाकलं. गल्लीतल्या लेकराबाळांनासुद्धा साडूंनी हे शिकवून ठेवलं होतं, तिथे अक्कांना काय अवघड. दिवेलागणीला साडू परत आले, सवयीप्रमाणे आधी आतल्या खोलीत जाऊन डिस्क लावून आले आणि मग पलंगाजवळ बसले. अक्का म्हणाल्या, "बोलले मी तुमच्याबद्दल. ठेवलंय तिथं. पण मी हाय तवर ऐकायचं न्हाई."

साडू आयुष्यभर वरून आलेल्या हुकुमावर जगलेला माणूस. ऐकायचं नाही म्हणजे त्यांनी ते फोल्डर उघडणंच बंद केलं. चुकून नाव दिसलं तरी मन राहायचं नाही म्हणून. काठी कोपऱ्यात गेली. लोकांकडे जाणं थांबलं. ते अक्कांच्या उशाशी बसून राहत आणि दोघं गप्प असत. मला तिथे गेलं की फार जड व्हायचं. मी बाहेर अंगणात येऊन उगाच मोटारसायकल पुसायचो.

पावसाळा सरता सरता अक्का गेल्या.

पुण्यानुमोदनाला सगळा गोतावळा आला. साडूंची मुलगी नाशिकहून आली होती, मामा चुडाव्याहून आले होते आणि मांडवात कुणाच्याही नजरेला नजर देत नव्हते. एकेक जण दोन शब्द बोलला. प्रत्येक जण बोलताना सवयीने साडूंच्या हाताकडे बघायचा, काठी कुठाय म्हणून. त्यांनी काठी आणलीच नव्हती. शेवटी त्यांना पुढे बोलावलं. ज्या माणसाने उभी हयात माइकपुढे काढली तो माइक हातात घेऊन उभा राहिला. आम्ही वाट बघत होतो. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि माइक शेजारच्याच्या हातात देऊन ते जागेवर येऊन बसले. मला रडू आलं ते त्या वेळी, त्याआधी नाही.

पाहुणे पांगल्यावर त्यांनी आमच्यासमोर टीव्ही लावला आणि फोल्डर उघडलं. मामा होते. मामांचे भाऊ होते. गल्लीतला दूधवाला होता, त्याच्या बायकोने त्याच्याबद्दल बोललेलं होतं. अक्कांचं काही नव्हतं. साडूंनी यादी वरून खाली आणि खालून वर पुन्हा पुन्हा फिरवली. "असंल," ते म्हणाले, "नाव वेगळं पडलं असंल." त्यांनी एकेक रेकॉर्डिंग उघडून बघायला सुरुवात केली, आणि ज्यांच्याबद्दल बोललं होतं ती जिवंत माणसं त्या घरात एकामागून एक मेल्यासारखी स्तुती करून घेत राहिली.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. साडूंची खात्री पटली होती की त्या दुपारी लाइट जाऊन आल्यामुळे डिस्क कुलूप लावून लागली असणार, आणि अक्कांचं बोलणं दारातूनच परत गेलं असणार. मग कुलूप का लागलं, याच्या शोधाला ते लागले. पर्याय काढले, घातले, उलटे लावले. डिस्क उठेपर्यंत राउटरने थांबावं अशी तजवीज केली. जे कधीच लिहिलं गेलं नाही ते आता नीट लागलेल्या डिस्कवर कसं येईल, हे मला विचारायचं होतं, पण माझं धाडस झालं नाही. बाहेर टीव्हीसमोर कुणी नसायचं. ते आतून बटण दाबायचे, उठून बाहेर यायचे, बघायचे आणि परत आत जायचे.

माझ्या बायकोने त्यांना कितीदा सांगितलं, "दाजी, मी तिथंच बसले होते. मला पाठ हाय. मी सांगते ना." ते हात वर करायचे. "नको. तोंडी निरोपावर गाडी सुटत न्हाई. तिचं तिच्याच तोंडून पायजे." मग ती मला सांगायची. पहिल्यांदा तिने सांगितलं की अक्का म्हणाली, माणूस चांगला आहे. दिवाळीच्या सुमाराला अक्का म्हणाली होती की असा माणूस शोधून सापडायचा नाही. पुढे त्यात "मी भाग्यवान" आलं. मी अक्कांना ओळखत होतो. भाग्यवान हा शब्द त्यांनी कुणाच्या लग्नपत्रिकेतसुद्धा खपवून घेतला नसता. पण माझी बायको खोटं बोलत नव्हती. ती आपल्या बहिणीची रोज थोडी थोडी शोकसभा भरवत होती, आणि ते ऐकताना मीही मान हलवत होतो.

शेवटी साडू डिस्क पिशवीत घालून परभणीला आले आणि आमच्याकडे उतरले. पुसलं गेलेलं परत काढून देणारं एक दुकान मी शोधून ठेवलं होतं. दुकानदाराने ती डिस्क काही दिवस ठेवून घेतली. जिंतूरचं घर बंद, आणि साडू आमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलेले. मला त्यांची कीव यायची आणि खरं सांगायचं तर रागही यायचा. दुकानदाराने जे काढून दिलं त्यात कुणाच्या तरी बारशाचा व्हिडिओ होता, एक अर्धवट सिनेमा होता, आणि मामांनी नामंजूर केलेलं थोरल्या भावाचं ते पहिलं भाषण होतं. साडूंनी ते भाषण शेवटपर्यंत ऐकलं. "चांगलं बोलला होता की," एवढंच म्हणाले.

आम्ही दोघं त्यांना जिंतूरला सोडायला गेलो. घर उघडलं, धूळ झाडली. साडूंनी डिस्क अलमारीत कपड्यांच्या खाली ठेवली आणि कडी लावली. "खल्लास," ते म्हणाले. "आता ही गाडी रद्द." राउटर तेवढा चालू केला, शेजारची मुलगी त्यावर अभ्यास करते म्हणून. मग ते अंगणात जाऊन उभे राहिले. मी त्यांच्या मागे गेलो. आम्ही समोरच्या सोयाबीनच्या भुसकटाबद्दल बोलत राहिलो.

आतून बायकोची हाक आली. चहा ठेवता ठेवता तिने हाताला चाळा म्हणून टीव्ही लावला होता आणि सवयीने फलाटाचं फोल्डर उघडलं होतं. "दाजी, डिस्क अलमारीत ठेवली म्हणता, मग हे कसं काय उघडलं?" आम्ही आत आलो. एरवी जिथे नावांची ही रांग लागलेली असायची तिथे सगळं मोकळं होतं, आणि वरच्या कोपऱ्यात एकच रेकॉर्डिंग होतं.

साडू टीव्हीसमोर उभे राहिले. मग ते माझ्याकडे बघून बोलायला लागले, पण मला सांगत नव्हते. "गाडी नसली तरी फलाट असतोच की, पाव्हणं. फलाट तर राउटरचा सोताचा हाय. त्या दुपारी गाडी लागलीच नव्हती. ही आली आन मोकळ्या फलाटावर बसली. मग संध्याकाळी मी येऊन गाडी लावली. गाडी म्होरं लागल्यावर मागं बसलेलं मानूस कुणाला दिसनार? ती तितंच बसलेली, आन मी इतके दिवस गाडीत शिरून शिरून तिला धुंडाळायलो." मी काहीतरी बोलायचं म्हणून "काखेत कळसा" एवढं पुटपुटलो आणि लगेच गप्प झालो. काही म्हणी माणसाच्या तोंडावर बोलण्यासाठी नसतात.

बायको लावायला निघाली तर ते म्हणाले, "थांब." आधी त्यांनी ते माझ्या फोनवर घ्यायला लावलं, मग तिच्या फोनवर. त्यानंतर पंखा बंद केला, रस्त्याकडची खिडकी लावली आणि भिंतीला टेकून खाली बसले. "लाव आता."

सुरुवातीला नुसता भाजी खुडल्याचा आवाज होता. मग माझी बायको म्हणाली, "बोल की अक्का." आणि अक्का बोलल्या, जरा धाप लागलेल्या आवाजात.

"काय बोलू गं. हे मानूस लय तरास देतंय. समद्यांचं ऐकतंय, माझं सोडून. जीव जायलाय म्हणलं तरी म्हणंल, थांब, गाडी लागली का बघ. ते लोकं बोलतेत तसं मला बोलता येत न्हाई." इथे पुन्हा भाजी खुडल्याचा आवाज. "चांगले हायेत. मारलं-बिरलं न्हाई कधी, कुणाच्या अध्यात न्हाईत. एकच सांगते. हे स्टँडवर होते तवा ह्यांचा आवाज आपल्या घरापत्तूर यायचा. गाड्या पुकारायचे दिसभर. मी भाकरी थापताना ऐकायची. परभणी, सेलू, औंढा. मला गाडीचं काय करायचंय? पण आवाज आला की वाटायचं, हाय, मानूस हाय जवळच. रिटायर झाले आन घरी आले, तवापासून घर गप्प झालं. दुसऱ्याला बोलाय लावतेत, सोता बोलत न्हाईत. माझ्यापशी बसतेत पण बोलत न्हाईत. अवो, बोला की. मी गेल्यावर तरी बोला, मोठ्यानं बोला. मला भाषण नको. काय केलं, काय खाल्लं, ते सांगा. बंद कर गं आता, दूध उतू चाललंय."

माझ्या बायकोने पदर तोंडाला लावला. "अशी बोलली होती होय ती?" ती म्हणाली. तिला खरंच आठवत नव्हतं. आपण महिनोन् महिने घडवलेलं ते भाषण अक्कांच्या या दोन शब्दांपुढे कसं फुटकळ होतं, हे तिलाही कळलं असावं. साडू खाली बघत बसले होते. त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं नाही. थोड्या वेळाने ते उठले, चहाचे कप मोरीत नेऊन ठेवले, आणि आम्ही निघताना फाटकापर्यंत आले. तिथेही काही बोलले नाहीत. 

मग काही आठवड्यांनी जिंतूरहून शेजारच्या बाईचा फोन आला. तुमच्या दाजींना बघून जावा, म्हणाली, दिवसभर घरात एकटेच मोठमोठ्यानं बोलायलेत, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येतंय, लोकं म्हणायलेत डोक्यावर परिणाम झाला. बायको घाबरली. आम्ही त्याच दिवशी निघालो आणि भर दुपारी पोचलो. आवाज खरंच कोपऱ्यापासून येत होता. तो स्टँडवरचा आवाज होता, भोंग्याशिवायचा, आणि मी तो किती वर्षांनी ऐकत होतो.

दार उघडंच होतं. साडू स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभे होते, हात पिठाने भरलेले. "सकाळी बाजारात गेलतो," ते सांगत होते, "गवार कोवळी भेटली. वरच्या आळीतल्या त्या म्हातारीचं गुडघ्याचं आपरेशन झालं, ती तुला इचारत होती. मला न्हाई बोलता आलं तिच्याशी. पुढच्या खेपेला सांगतो. भाकरी आज बी फाटली, पाणी जास्त झालं का पीठच तसलं हाय कळंना." माझी बायको पुढे होऊन त्यांना थांबवणार होती. मी तिचा हात धरला. आम्ही उंबऱ्याजवळच खाली बसलो. त्यांनी आम्हाला बघितलं, मानेने 'या' म्हटलं आणि बोलणं तसंच चालू ठेवलं. "पाव्हणं आलेत. तुझी बहीण वाळली गं."

मला वाटलं, हे जपून ठेवायला हवं. जगातल्या कुठल्याही शोकसभेत मी असं काही ऐकलं नव्हतं. मी खिशातून फोन काढला आणि हळूच त्यांच्याकडे वळवला. साडूंचं लक्ष गेलं. ते बोलायचे थांबले.

"ठेवा ते खिशात," ते म्हणाले. "ऐकायला बसलाव तर बसा."

मी फोन ठेवला. त्यांनी ताटं मांडली आणि आम्ही तिघं जेवायला बसलो. गवारीत मीठ जास्त झालं होतं, आणि पहिला घास घेतल्यावर तेही त्यांनी अक्कांना मोठ्याने सांगितलं.